दोन नंबरचं मशीन डोलतंय

लोणावळ्याच्या एस.टी. स्टँडवर त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की समोरच्या चिक्कीच्या दुकानाची नुसती पाटी दिसत होती, दुकान कुठे गेलं ते कळत नव्हतं. दसरा होऊन आठवडा लोटला होता. साल सत्याहत्तर. त्या धुक्यातून एक मुलगी तरातरा चालत आली. पाठीवर घट्ट वेणी, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला शबनम, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली एक लाकडी पेटी.

"पेटी टपावर टाका," कंडक्टर म्हणाला.

"टपावर जाणार नाही."

"मग तिचं तिकीट काढावं लागेल."

"काढते की!"

कंडक्टरनं पुष्कळ प्रवासी पाहिले होते, पण पेटीचं तिकीट काढणारी बाई त्याच्या नशिबात आजच लिहिली होती. त्यानं मुकाट्यानं दोन तिकिटं फाडली. गाडी तर गच्च. तेवढ्यात खिडकीशी बसलेला एक तरुण उठून उभा राहिला. उंच, सावळा, कुरळे केस, अंगात खाकी शर्ट. "या… बसवा हितं."

मुलगी हसून बसायला गेली, तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, "तुमी न्हाई, बाई. पेटी. ती नाजूक दिसतीया. तुमी तर कंडक्टरला पुरून उरलात."

शेजारचे दोघे फिदीफिदी हसले. मुलीचे गाल तापले, पण पेटी तिनं सीटवर ठेवली आणि स्वतः दांडीला धरून उभी राहिली. तोही उभा. पेटी खिडकीशी ऐटीत बसली आणि गाडी सुटली.

"काय हाय त्यात? देव?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"देवापेक्षा नाजूक."

"मग लय जपाया पायजे. देव पडला तर उचलून परत बसवता येतो."

तिला हसू आलं. ते लपवायला ती खिडकीबाहेर बघू लागली, पण बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं… आणि काचेत त्याचा चेहरा दिसत होता.

तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हताच. पुण्याहून येणाऱ्या एका साहेबाला न्यायला तो पहाटेच लोणावळ्याला आला होता. वीजघराची जीप बंद, म्हणून एस.टी.नं. तारेत नाव होतं एच. मुऱ्हे, इंजिनीअर. त्यानं स्टेशन दोनदा पालथं घातलं, पण साहेबाचा पत्ता नव्हता.

"दिसतो कसा तुमचा साहेब?"

"दिसंल कसा? साहेबावानी. टक्कल, चष्मा, कपाळाला आठी. आता मी हात हलवत जायचं, आन् आमचं दोन नंबरचं मशीन तसंच डोलत ऱ्हाणार."

"डोलतं म्हणजे?"

"सकाळच्या पारी त्याचा वेग वर जातो, खाली जातो, वर जातो, खाली जातो. काटा नुसता झोके घेतो. दुपारी बघाल तर एकदम शहाणं. मोठे साहेब म्हणत्यात, त्या पुण्याच्या कार्डाचा दोष."

मुलीची बोटं दांडीवर आवळली. "आणि तुम्ही काय म्हणता?"

"त्या कार्डाला नाव ठिवू नका, बाई." त्याचा आवाज बदलला. थट्टा गेली आणि दुसरंच काहीतरी आलं. "आमच्या वीजघरात खिळासुदीक साहेबाच्या देशातनं आलेला. पयल्यांदा आपल्याकडची वस्तू बसली. कोपऱ्यात 'पुणे' आसं कोरलंय, आपल्या अक्षरात. मी पयल्या दिवशी दहा येळा वाचलं."

मुलगी एकदम पाठमोरी झाली. 'पुणे' ही दोन अक्षरं तिनं स्वतः, रात्र जागून, तांब्याच्या पातळ रेघांत काढली होती. कारखान्यात कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि इथे या डोंगरात, एका अनोळखी माणसानं ती दहा वेळा वाचली होती! तिला वाटलं, आपण आत्ता रडलो तर हा काय म्हणेल?

"मी एच. मुऱ्हे," ती वळून म्हणाली.

"आँ? एच म्हंजी?"

"हिरा. टक्कल नाही, चष्मा नाही. आठी मात्र सकाळी सकाळी तुम्हीच आणलीत."

सगळी गाडी हसली. तो कानापर्यंत तांबडा झाला. मग त्यानं दोन्ही हात जोडले. "कोंडाजी येवले. कंट्रोल रूम. नाव आज्याचं हाय, मी तेवढा म्हातारा न्हाई."

तर अशी ही भेट झाली. वीजघर कोणतं ते विचारू नका, मी सांगणार नाही. मावळात तळी काही कमी नाहीत. एका तळ्याखाली, डोंगराच्या कुशीत ते बसलं होतं. तळ्याचं पाणी मोठ्या नळातून खाली येई, टर्बाइनच्या चाकावर आपटे, आणि चाक फिरलं की वीज. आता चाक जोरात फिरायला लागलं की पाण्याचं तोंड जरा आवळायचं, मंदावलं की सैल सोडायचं, हा हुकूम एका लोखंडी कपाटातली कार्डं देत. तळहाताएवढ्या हिरव्या पाट्या, त्यांवर बारीक बारीक पुर्जे, आणि खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या इवल्या पट्ट्या. त्या पट्ट्या खाचेत बसल्या की कार्ड जिवंत होई. चार कार्डं परदेशी. पाचवं जळालं तेव्हा परदेशातून नवं यायला वर्ष लागणार होतं. पुण्याच्या एका छोट्या कारखान्यानं ते इथेच बनवलं… म्हणजे हिरानं बनवलं.

सोमाटण्याच्या शेतकऱ्याची पोर ती. गावातली पहिली इंजिनीअर. कारखान्याच्या मालकांनी तिला निघताना सांगितलं होतं, "हे कार्ड नापास झालं तर पुन्हा कुणी आपल्याकडे मागणार नाही, हिरा. मग तुला मी मीटर दुरुस्तीलाच बसवणार." तिला मीटर दुरुस्तीचं भय नव्हतं. पण तिच्या हातची वस्तू नालायक ठरून कपाटातून काढली जाणार, हे तिला सोसवणारं नव्हतं.

वीजघराचे प्रमुख गुप्ते साहेब. तिला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कंपनीनं मुलगी पाठवली?"

"नाही साहेब. कार्ड जिनं केलं तिला पाठवलंय."

"हं! शनिवारी मुंबईहून चीफ इंजिनीअर येतायत. तोवर मशीन सरळ झालं तर ठीक. नाहीतर हे पुण्याचं खेळणं बाहेर, आणि परदेशी मागवायचं. वर्ष लागलं तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. धुकं खिडकीशी दाटलं होतं, आणि कपाटावरचा काटा पाळण्यासारखा झोके घेत होता. टर्बाइनचा आवाज चढत होता, उतरत होता. तिनं मशीन थांबवायला लावलं, पेटीतलं नवं कोरं कार्ड काढून बसवलं. मशीन सुरू झालं, आणि काटा तसाच डोलत!

मग तिनं जुन्या कार्डाच्या पट्ट्यांवरचा लालसर डाग मातीचा समजून ते स्पिरिटनं लख्ख पुसलं, टेबलावर घेतलं आणि एकेक पुर्जा तपासला. सगळं ठीक. ओलाव्याचा दोष असेल म्हणून तिनं कँटीनच्या सरूबाईंकडून चहाची किटली मागवली आणि कार्ड वाफेवर धरलं.

"सर्दी झालीय का त्याला?" मागून कोंडाजी.

"झाली असेल तर आता शिंकेल."

"मग आलं घाला थोडं. सरूमावशी, बाईंच्या कार्डाला आल्याचा वाफारा!"

"गप ए," सरूबाई म्हणाल्या. "तुझंच ध्यान ठिकाणावर न्हाई आज. च्यामध्ये मीठ घातलंस ना मगाशी?"

हिरानं मान वर केली नाही, पण तिच्या कानाची पाळी लाल झालेली सरूबाईंनी बरोबर टिपली. बायकांच्या नजरेतून काय सुटतं? कार्ड मात्र शिंकलं नाही. वाफेत न्हाऊनही ते टेबलावर ठणठणीत चालत होतं.

दिवस असे जात होते. सकाळी मशीन डोलायचं, दुपारी साळसूद व्हायचं. आणि संध्याकाळी तळ्याच्या भिंतीवर हिरा विचार करत बसायची तेव्हा कोंडाजी कागदात उकडलेल्या शेंगा घेऊन यायचा.

"तुमी खा. इच्यार मी करतो."

"तुम्हाला येतो का?"

"न्हाई. पर शेंगा सोलाया येत्यात." आणि तो सोललेल्या शेंगा तिच्या तळहातावर ठेवायचा, बोट लागणार नाही अशा बेतानं… आणि एखादं लागायचंच.

आयटीआय करून तो इथे लागला होता. मशीनच्या आवाजावरून त्याला मशीनची तब्येत कळे, पण कपाटातल्या कार्डांपुढे तो हात टेकायचा. हिराला त्याची एक गोष्ट फार आवडली. माहीत नसलं की तो "ठाव न्हाई" म्हणायचा, आणि म्हणताना त्याची मान खाली जायची नाही.

शुक्रवार उजाडला. पुन्हा धुकं, पुन्हा झोके. हिरा कपाटापुढे स्टूल टाकून बसली होती. एकाएकी ती उठली.

"येवले, हे कार्ड बसलं कधी?"

"जेष्ठात."

"म्हणजे आषाढ-श्रावणात ते चाललं? इथला पाऊस काय असतो ते मला नका सांगू, मी मावळातलीच आहे. त्या ओलाव्यात ते हूं की चूं करत नाही, आणि ह्या एवढ्याशा दवानं डोलायला लागतं? मग दव एकटं नाही. त्याच्या जोडीला कुणीतरी आहे. डोलणं सुरू कधी झालं?"

"दसऱ्याच्या दिशी सकाळी…"

"आणि आदल्या दिवशी काय झालं होतं इथं?"

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी मावळात कोयता, नांगर, शिलाई मशीन, एस.टी.चं एंजिन, जे जे म्हणून हाताला भाकर देतं त्याला हळदकुंकू लागतं. वीजघरातही मशीन थोडा वेळ थांबवून पूजा व्हायची. कोंडाजीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला हिरानं पाहिला. गप्प राहिला असता तर तिला कदाचित कधीच कळलं नसतं. तो बोलला.

"मी लावलं. कुंकू."

"कुठे?"

"टर्बाइनला लावलं, कपाटाला लावलं. परदेशी कार्डांना वरनंच टिकली लावली. पर तुमचं… पुण्याचं कार्ड मी बाहेर वढलं. म्हनलं, हे आपल्या घरचं. देवाच्या पायाला लावत्यात तसं त्याच्या पायाला लावलं. त्या सोन्याच्या पट्ट्यांना. वलं कुंकू, नारळाच्या पान्यात कालवून." त्यानं कपाटाकडे बोट केलं. "आन् परत बसवलं. मला लय अभिमान वाटला व्हता त्याचा."

मशीन थांबवून हिरानं टॉर्च घेतला आणि कार्डाच्या खाचेत डोकावली. आत, खोल, एकेका पट्टीला लालसर लेप चढला होता. कार्ड पुसलं, बदललं, तरी कुंकू खाचेत राहिलं होतं. सकाळच्या दवानं ते ओलं व्हायचं, एका पट्टीची वीज दुसरीत झिरपायची, आणि कार्डाचे हुकूम घोटाळायचे. दुपारी वाळलं की सारं सुरळीत.

ती स्टुलावर बसली आणि खदाखदा हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी. "चांगलं होतं, येवले! माझं कार्ड चांगलं होतं!"

"व्हय. मीच वाटोळं केलं त्याचं."

"धरा टॉर्च. बोलू नका, हात हलेल."

दोघं कपाटाशी गुडघे टेकून बसले. तिनं बांगड्या काढून ठेवल्या, बारीक कुंचला स्पिरिटमध्ये बुडवला आणि खाचेतली एकेक पट्टी पुसू लागली. त्याच्या हातातला उजेड तिच्या बोटांवर स्थिर होता. तिच्या वेणीतून सुटलेली एक बट सारखी डोळ्यांवर येत होती, आणि ती बाजूला करण्याचा मोह त्यानं कसा आवरला ते त्यालाच ठाऊक. मशीन सुरू झालं. खिडकीबाहेर धुकं अजून तसंच होतं. काटा मात्र खिळला, हलेचना.

"आता रिपोर्टात काय लिवणार?" कोंडाजीनं विचारलं.

हिराचं हसू मावळलं. खरं लिहावं तर बंद कपाट उघडल्याबद्दल ह्याच्यावर गदा. नुसतं 'ओलावा' लिहावं तर कार्ड कच्चं ठरणार, तिच्या रात्रंदिवसाच्या मेहनतीवर पाणी. तिला कधी वाटलंही नव्हतं की असा पेच पडेल, आणि पडला तर आपण क्षणभर तरी थबकू. ती थबकली… आणि का थबकलो ते उमजून घाबरली.

"खरं लिवा," तो म्हणाला. "माझ्यापायी त्या कार्डाला बट्टा नको."

शनिवारी चीफ इंजिनीअर आले. पांढरे केस, बोलणं थोडं. सकाळच्या धुक्यात त्यांनी काटा पाहिला, घड्याळ लावून पाहिला. काटा हलला नाही. "दोष काय निघाला?" त्यांनी विचारलं.

हिरानं तोंड उघडायच्या आत कोंडाजी पुढे आला. "साहेब, कार्डात दोष नव्हता. खंडेनवमीला मी कार्ड बाहेर वढून त्याच्या पट्ट्यांना वलं कुंकू लावलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. जे काय करायचं ते मला करा."

"हा अडाणीपणा!" गुप्ते साहेब कडाडले. "ह्याला सस्पेंडच केला पाहिजे!"

"साहेब, माझं सांगायचं अजून राहिलंय," हिरा म्हणाली. "माझं कार्ड निर्दोष आहे, हे मी लिहून देणार. एक अक्षर खोडणार नाही. पण सोमाटण्यात माझे बाबा नांगराला कुंकू लावतात, विहिरीवरच्या पंपाला लावतात. लहानपणी मी माझ्या कंपासपेटीला लावलेलं आहे. मावळात बसवायचं कार्ड करताना पाऊस धरला, उंदीर धरले, वीज कडाडेल तेही धरलं. आपल्या माणसांची माया धरायची विसरले. पुढच्या कार्डाला झाकण असेल, आणि कुंकवासाठी बाहेर वेगळी जागा. ह्यांनी चूक केली, आणि विचारल्याबरोबर सांगितली. ह्यांनी सांगितलं नसतं तर आज तुम्ही एक चांगलं कार्ड कचऱ्यात टाकलं असतं."

चीफ साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाले, "गुप्ते, ह्याला लेखी ठपका द्या. बंद कपाट उघडलं, ते काही बरं नाही. सस्पेंड नको. आणि मिस मुऱ्हे, बाकीची चार कार्डंही तुम्हीच करा. झाकणासकट. परदेशी मागवणं बंद."

कोंडाजीनं तिथेच ठपका घेतला, सही केली. मान तशीच सरळ.

संध्याकाळी तो तिला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आला. तळ्यावरून परतीच्या पावसाची एक सर चालून आली, आणि दोघं एका छत्रीत आली. खरं तर छत्रीत पेटीच होती, त्यांचा एकेक खांदा भिजत होता.

"येवले," हिरा म्हणाली, "तुम्ही मला काहीतरी विचारणार होतात."

"मी? कदी?"

"रोजच. शेंगा सोलताना."

त्यानं छत्री तिच्या बाजूला सरकवली. "इचारणार व्हतो. आता न्हाई इचारणार."

"का?"

"आज तुमी माझी बाजू घेतलीत. आज इचारलं तर लोक म्हणतील, बाईनं वाचवलं म्हणून गळ्यात पडला. लोकांचं जाऊ द्या… उद्या-परवा तुमालाच तसं वाटलं तर? मला ते सोसायचं न्हाई."

बघा कसा असतो माणूस! चार दिवस जिवाचा आटापिटा करून धीर गोळा केला, आणि ऐन वेळी अभिमान आडवा. हिराला राग आला, आणि त्या रागातच तिला तो आणखी आवडला, कारण तीही त्याच मातीची होती. तळ्याच्या पलीकडे एस.टी.चे दिवे दिसले.

"बरं. तुम्ही नका विचारू. मी विचारते." तिनं पदर खोचला. "मला तुम्ही आवडता. कार्डाला कुंकू लावलंत म्हणून नाही, तो शुद्ध वेडेपणा होता."

"व्हय…"

"साहेबांपुढे खरं बोलताना तुमची मान खाली गेली नाही, म्हणून. मी काम सोडणार नाही, कार्डं करायची थांबणार नाही, आणि चहात मीठ चालवून घेणार नाही. हे मान्य असेल तर माझ्याशी लग्न करा. सोमाटण्यात बाबांना मी आज रात्रीच सांगणार आहे."

पाऊस छत्रीवर ताड ताड वाजत होता. कोंडाजीचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं त्याला कळेना. "मान्य," तो कसाबसा म्हणाला. "समदं मान्य. पर… आईला काय सांगू मी? आमच्या गावात कुण्या पोरीनं आपनहून मागणी घातल्याचं आजवर कुणी ऐकल्यालं न्हाई. कसं सांगू तिला?"

एस.टी. येऊन उभी राहिली. हिरा पेटी घेऊन पायरीवर चढली आणि वळली.

"ताठ मानेनं सांगा."

गाडी सुटली. हिरानं मागच्या काचेवरची वाफ हातानं पुसून पाहिलं. कोंडाजी येवले भर पावसात, मिटलेली छत्री काखेत मारून, झपाझप गावाच्या वाटेला लागला होता, घराकडे, आईला सांगायला.